कठीण अनुभव लिहिताना : पहिल्या खर्ड्यापासून प्रकाशनापर्यंत

आयुष्यातल्या एखाद्या कठीण काळाबद्दल लिहायला बसलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि तीच त्याची पहिली अडचण असते. आजारपण, घटस्फोट, जवळच्या माणसाचा मृत्यू, व्यसन, छळ, कर्जबाजारीपणा किंवा घरातली वर्षानुवर्षांची धुसफूस, यांपैकी काहीही असो, अनुभव मोठा आहे म्हणजे लेखही आपोआप वजनदार होईल असे वाटते. प्रत्यक्षात पाच-सात पाने झाली की एक तर तक्रारींची यादी हाती उरते, किंवा इतके मोघम काहीतरी लिहून होते की ते कुणाच्याही आयुष्याबद्दल असू शकेल. याचे कारण मला एकच दिसते. आत्मपर लेखातला ‘मी’ एकच दिसत असला तरी त्यात दोन माणसे असतात : ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो, आणि आज टेबलाशी बसून त्याबद्दल लिहितो आहे तो. पहिल्याने जे भोगले ते दुसऱ्याला समजून घ्यायचे असते. या दोघांमधले अंतर कुठे कमी करायचे आणि कुठे वाढवायचे हे ठरवण्यातच या लेखनाचे बहुतेक कौशल्य आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या अंतराशीच बांधलेल्या आहेत.

आत्ता लिहावे की थांबावे

घटनेनंतर किती वर्षांनी लिहावे, याला आकड्यातले उत्तर नाही. काहींना सहा महिन्यांत स्वच्छ दिसते, काहींना वीस वर्षांनीही दिसत नाही. त्यापेक्षा एक साधी चाचणी घ्यावी. विश्वासातल्या एखाद्या माणसाला तो प्रसंग पाच-सहा वाक्यांत सांगून पाहावा आणि सांगताना स्वतःकडे लक्ष ठेवावे. ऐकणाऱ्याने लगेच आपली बाजू घ्यावी अशी निकड वाटत असेल, त्याने एखादा साधा प्रश्न विचारला तरी तो उलटतपासणीसारखा बोचत असेल, किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या मनात त्या वेळी काय चालले असेल याची कल्पनासुद्धा करवत नसेल, तर लिहिणारा माणूस अजून भोगणाऱ्या माणसापासून पुरेसा वेगळा झालेला नाही. अशा वेळी लिहू नये असे मी म्हणणार नाही. मात्र ते लोकांसाठी लिहू नये.

प्रसंग अजून चालूच असेल, म्हणजे उपचार सुरू आहेत, खटला उभा आहे किंवा घर अजून मोडते आहे, तर फक्त तारीख घालून टिपणे ठेवावीत. कोण काय म्हणाले, खोलीत कोण कोण होते, कुठला कागद आला, त्या दिवशी काय ठरले, एवढेच. अशा टिपणांची किंमत नंतर कळते, कारण त्या काळातला अनिश्चितपणा, म्हणजे पुढे काय होणार हे माहीत नसणे, पुढच्या कोणत्याही आठवणीतून परत मिळवता येत नाही. फक्त प्रकरण न्यायालयात असेल तर आधी वकिलाशी बोलावे, कारण लिहून ठेवलेला मजकूर पुढे पुरावा म्हणून मागवला जाऊ शकतो.

लिहायला घेतल्यावर झोप उडते, जुने प्रसंग डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे राहतात आणि दिवसाच्या कामाकडे परतणे जमत नाही, असे वारंवार होत असेल, तर लेखन थांबवून समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. हे थांबणे म्हणजे हार मानणे नव्हे. लेख कुठे पळून जात नाही.

पहिला खर्डा फक्त स्वतःसाठी

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या विषयातला पाया मानला जातो. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायचे होते. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल. या दुसऱ्या मंडळींचेही गट होते : कुणी फक्त घटना लिहिल्या, कुणी फक्त भावना, आणि कुणी दोन्ही. घटना आणि भावना एकत्र लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या अधिक उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे विद्यापीठाच्या दवाखान्यात जाणे इतरांच्या तुलनेत कमी झाले. नंतर अशा प्रकारचे शेकडो प्रयोग झाले आणि त्यांत हा फायदा सरासरीने लहानच आढळला, त्यामुळे लेखनाला औषध समजण्याचे कारण नाही. तरीही लेखकाने त्यातून दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. लिहिल्यावर लगेच वाईट वाटणे हे काही बिघडल्याचे लक्षण नाही, ही एक. आणि नुसता घटनाक्रम किंवा नुसता आक्रोश यांपेक्षा दोन्ही एकमेकांना बांधून लिहिण्यात अर्थ आहे, ही दुसरी.

म्हणून सुरुवात अशी करावी. पंधरा ते वीस मिनिटांचा गजर लावावा आणि गजर होईपर्यंत हात थांबवू नये. शुद्धलेखन, क्रम, वाक्यरचना, न्याय-अन्याय यांपैकी कशाचाही विचार करू नये. शिव्या येत असतील तर येऊ द्याव्यात. गजर झाला की वाक्य अर्धे असले तरी उठावे आणि आधीच ठरवून ठेवलेले एखादे साधे काम करावे, जसे भांडी आवरणे किंवा फेरी मारून येणे. झोपण्याच्या तोंडावर हे लेखन टाळावे. असे तीन-चार दिवस लिहून झाल्यावर कागद बंद करून ठेवावेत आणि ते कुणालाही दाखवू नयेत. घरातल्या कुणाच्या हाती लागण्याची भीती असेल तर फाइलला पासवर्ड घालावा. हा खर्डा लोकांसमोर जाणार नाही याची खात्री असेल तरच त्यात खरे उतरते.

काही आठवड्यांनी तो पेन्सिल हातात घेऊन वाचावा, आणि इथून दुसऱ्या माणसाचे काम सुरू होते. पेनेबेकर यांनी पुढे अशा मजकुरांमधल्या शब्दांचा अभ्यास केला, तेव्हा कारणे दाखवणारे आणि उमज दाखवणारे शब्द ज्यांच्या लेखनात दिवसेंदिवस वाढत गेले त्यांना अधिक लाभ झाल्याचे त्यांना आढळले. आपल्या खर्ड्यातही ‘कारण’, ‘म्हणून’, ‘नंतर लक्षात आले’, ‘अजून कळत नाही’ असे शब्द जिथे जिथे आले असतील तिथे खूण करावी. बहुतेकदा अशा जागा पानांच्या ढिगात अगदी थोड्याच निघतात. लेख त्यांतल्याच एखाद्या जागी दडलेला असतो.

लेख नेमका कशाबद्दल आहे

पुढचे सगळे बोलणे एका उदाहरणावर करू, म्हणजे ते हवेत राहणार नाही. समजा, एका लेखिकेच्या वडिलांची नोकरी ती बारा वर्षांची असताना गेली. घरात कुणालाही न सांगता ते रोज सकाळी ठरलेल्या वेळी कपडे करून, बॅग घेऊन बाहेर पडत राहिले. एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि तिने त्यांना सार्वजनिक वाचनालयात बसलेले पाहिले. हाक न मारता ती परत फिरली, आणि आपण पाहिल्याचे तिने त्यांना कधीच सांगितले नाही.

नोकरी जाणे ही इथली परिस्थिती आहे; तो लेखाचा विषय असेलच असे नाही. खर्ड्यात कदाचित कंपनीने केलेला अन्याय असेल, नातेवाइकांचे टोमणे असतील, पैशाची ओढाताण असेल, आणि त्या सगळ्यातून शिकून आपण स्वतः कसे उभे राहिलो हेही असेल. हे सगळे एका लेखात घातले की प्रत्येक गोष्टीला एकेक परिच्छेद मिळतो आणि कुठलीच गोष्ट नीट सांगून होत नाही. त्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लिहूनच काढावीत. मी पुन्हा पुन्हा कोणत्या क्षणापाशी येऊन थांबते? त्या क्षणी मी स्वतः काय केले किंवा काय करायचे टाळले? तेव्हा मला माहीत नव्हते असे आज मला काय माहीत आहे? आणि यातले काय लिहायला मला नकोसे वाटते आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. आमच्या उदाहरणातली लेखिका नातेवाइकांच्या टोमण्यांबद्दल भराभर लिहील. मात्र आपण हाक का मारली नाही, या ओळीपाशी तिचा हात अडेल. तिथेच लेख आहे.

त्यानंतर एक वाक्य पूर्ण करावे : ‘हा लेख अमुक गोष्टीबद्दल आहे.’ अट एकच, की त्या वाक्यात घटनेचे नाव घ्यायचे नाही. ‘हा लेख वडिलांची नोकरी गेली त्याबद्दल आहे’ हे चालणार नाही. ‘हा लेख एकमेकांची लाज राखण्यासाठी एका घरातल्या माणसांनी आपापले पाळलेल्या मौनाबद्दल आहे’ हे चालेल. हे वाक्य लेखात छापायचे नसते. ते टेबलावर समोर ठेवायचे असते आणि प्रत्येक प्रसंग त्याच्याशी ताडून घ्यायचा असतो. त्या कसोटीवर कंपनीचा अन्याय बहुधा दोन ओळींत आटोपेल आणि नातेवाईक पूर्णच गळतील. पुस्तकभर आठवणी लिहिणाऱ्यालाही हीच कसोटी लागू आहे. जन्मापासून आजपर्यंतचे सगळे सांगायचे, असे आत्मकथनाचे बंधन मुळीच नाही; आयुष्यातली पाच वर्षेही पुस्तकाला पुरतात.

आठवण तपासून घेणे

ठळक आठवण म्हणजे बिनचूक आठवण, हा समज सोडावा लागतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले. ही बातमी आपल्याला कुठे आणि कशी कळली, हे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. कुठे होतो, काय करत होतो, कुणी सांगितले, यांबाबत त्यांतल्या ११ जणांचे उत्तर पहिल्या उत्तराशी कुठेच जुळले नाही. तरीही पुष्कळांना आपल्या आठवणीबद्दल पूर्ण खात्री होती. कठीण प्रसंगांच्या आठवणी आपण मनात असंख्य वेळा फिरवलेल्या असतात, त्यामुळे ही खात्री तिथे आणखीच घट्ट असते.

तेव्हा कोऱ्या कागदावर काळाची रेघ ओढावी आणि तारखा भरायला लागावे. शाळेची प्रगतिपुस्तके, दवाखान्याचे कागद, बँकेची पासबुके, जुने ईमेल, छायाचित्रांच्या मागच्या नोंदी, त्या दिवसांची वर्तमानपत्रे, जे मिळेल ते पाहावे. मग माणसांकडे जावे. विचारताना आपले उत्तर प्रश्नात घालू नये. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना गाड्यांचा वेग विचारला होता. प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ असे म्हटले की लोक अधिक वेग सांगत आणि ‘लागल्या’ असे म्हटले की कमी. शिवाय आठवड्याभराने विचारले, तेव्हा ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांनी चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही पाहिल्याचे सांगितले. म्हणून आईला ‘बाबा तेव्हा किती खचले होते, नाही का?’ असे विचारू नये. ‘त्या महिन्यांत घरात रोज संध्याकाळी काय काय व्हायचे?’ असे विचारावे, आणि नंतर गप्प बसावे.

असे विचारल्यावर आपली गोष्ट हलते. समजा, लेखिकेच्या लेखी तो प्रकार वर्षभर चालला होता आणि आई सांगते की जेमतेम तीन आठवडे. वर हेही सांगते की तिला दुसऱ्याच दिवशी कळले होते. अशा वेळी आपली आठवण खोटी ठरली म्हणून लेख टाकून देण्याची गरज नाही आणि आईचे म्हणणे दडपण्याचीही नाही. ‘माझ्या आठवणीत ते वर्षभर चालले. आई म्हणते, तीन आठवडे’ एवढी दोन वाक्ये लेखात घालावीत. मुलीला ते दिवस किती लांब वाटले आणि आईनेही किती मूकपणे ते निभावले, हे दोन्ही त्यातून येते, आणि लेखकावरचा वाचकाचा विश्वास वाढतो तो वेगळाच.

संवादांचा प्रश्न इथेच येतो. तीस वर्षांपूर्वीचे दहा ओळींचे संभाषण कुणालाही शब्दशः आठवत नाही. मनात रुतून बसलेले एखाद-दुसरे वाक्य अवतरणचिन्हांत द्यावे आणि बाकीचे बोलणे आशयाने सांगावे. फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यून यांनी १९७५ साली मांडलेली आत्मचरित्रविषयक कराराची कल्पना इथे मोलाची आहे : पुस्तकावरचे नाव, सांगणारा आणि ज्याची गोष्ट आहे तो, हे तिघे एकच आहेत असा शब्द लेखक वाचकाला देत असतो. दोन माणसांचे मिळून एक पात्र केले असेल किंवा काळ मागेपुढे केला असेल, तर ते लेखाच्या सुरुवातीला किंवा तळाशी एका ओळीत सांगावे. घडलेले नसलेले प्रसंग घालायचे असतील तर कथा लिहावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रसंग उभा करणे

दुःखाबद्दलच्या लेखनात शब्द मोठे होतात आणि दृश्य नाहीसे होते. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या लेखनात हा दोष मला इतर कोणत्याही दोषापेक्षा अधिक दिसतो. वाचनालयाचा प्रसंग पहिल्या मसुद्यात बहुधा असा येईल :

‘त्या दिवशी बाबांना तिथे पाहून माझ्या पायांखालची जमीन सरकली. माझे सारे विश्व क्षणात कोसळले. काळजाला असंख्य वेदना झाल्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. कोणत्याही मुलीवर असा प्रसंग येऊ नये.’

आता तोच प्रसंग :

‘खिडकीतून मला आधी त्यांची बॅग दिसली. ती त्यांनी मांडीवर उभी धरली होती, बसमध्ये धरत तशी. समोर वर्तमानपत्र उघडे होते आणि ते पान उलटत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. ते पावणेसहाला घरी येत. म्हणजे अजून अडीच तास, असा मी हिशेब केला. मी इथे उभी राहिले तर त्यांना दिसेन, आणि दिसले तर त्यांना काहीतरी सांगावे लागेल, असे मनात आले. मी खिडकीपासून बाजूला झाले आणि लांबच्या रस्त्याने घरी गेले.’

दुसऱ्या उताऱ्यात भावनेचा एकही शब्द नाही, पण हिशेब आहे. बारा वर्षांची मुलगी वडिलांच्या रिकाम्या तासांची वजाबाकी करते आहे, आणि त्यांना खोटे बोलावे लागू नये म्हणून स्वतः वळसा घेते आहे. बॅग मांडीवर उभी धरण्यात माणसाची सवय दिसते, आणि ती सवय आता निरर्थक झाली आहे हे वाचकाला न सांगता कळते. पहिल्या उताऱ्यात लेखिका वाचकाला रडून दाखवते. दुसऱ्यात ती त्याला खिडकीपाशी उभे करते. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगासाठी हाच अभ्यास करावा : हातांत काय होते, अंग कसे होते, कोणता आवाज येत होता, त्या क्षणी मनात कोणता क्षुल्लक विचार आला. हे क्षुल्लक विचार लपवू नयेत. भयंकर बातमी ऐकताना आपण भिंतीवरच्या डागाकडे पाहत होतो, हे सांगायला संकोच वाटतो, पण तेच खरे असते. उलट, घड्याळ आठवत नसेल तर घड्याळ घालू नये. तपशील शोभेसाठी नसतो.

सगळेच असे जवळून लिहायचे नसते. दोन-तीन प्रसंग उभे करावेत आणि त्यांच्या मधला काळ चार ओळींत सांगून पुढे जावे. हिंसा, लैंगिक छळ किंवा शारीरिक यातना यांबद्दल लिहिताना तर किती दाखवायचे हा निर्णय पूर्णपणे लेखकाचा असतो, आणि वाचकाला हादरवण्यापलीकडे ज्या तपशिलाचे काही काम नाही तो गाळलेलाच बरा. आत्महत्येबद्दल लिहिताना ती कशी केली याचे वर्णन करू नये; जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी केलेल्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे, कारण असे वर्णन तशाच मनःस्थितीत असलेल्या वाचकाला धोक्याचे ठरू शकते. उरलेल्या माणसांचे काय झाले, ही गोष्ट सांगण्याजोगी असते, आणि ती पुरते.

तेव्हाची आणि आजची नजर

बारा वर्षांच्या मुलीला जे दिसते ते तिच्या नजरेने सांगावे आणि चाळिशीतल्या बाईला जे कळते ते बाईच्या आवाजात सांगावे, हे ऐकायला सोपे आहे. गल्लत होते ती अशी, की मुलगी खिडकीशी उभी असतानाच लेखिका मध्ये बोलते : ‘पुरुषी अहंकाराच्या समाजाने लादलेल्या ओझ्याखाली ते दबले होते.’ प्रसंग तिथेच विझतो. आधी प्रसंग अखंड होऊ द्यावा. मग नवा परिच्छेद घेऊन, ‘आज मला वाटते’ किंवा ‘पुढे मी स्वतः नोकरी सोडली तेव्हा’ अशा सरळ वाक्याने आजच्या माणसाने पुढे यावे. हे चिंतन गाळूनही चालत नाही, कारण नुसते प्रसंग ठेवले तर वाचकाला घडलेले कळते, पण लेखकाला त्याचे काय वाटते ते कळत नाही. चिंतनात ठाम निष्कर्ष असलाच पाहिजे असेही नाही. ‘मी हाक मारली असती तर त्यांना सुटल्यासारखे वाटले असते की अधिकच लाज वाटली असती, हे मला अजून ठरवता येत नाही’ हेही चिंतनच आहे, आणि ते प्रामाणिक आहे.

स्वतःबद्दल लिहिणे फार जड जात असेल तर तो भाग आधी ‘ती’ किंवा ‘तो’ असे म्हणून तृतीयपुरुषात लिहावा आणि नंतर ‘मी’मध्ये बदलावा. बदलताना काही वाक्ये अडतात. त्या वाक्यांत आपण स्वतःला वाचवले आहे किंवा विनाकारण झोडपले आहे, असे समजून ती पुन्हा लिहावीत.

रचनेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. घडले त्या क्रमाने लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि पुष्कळदा तोच योग्य असतो. क्रम मोडायचा असेल तर त्याला कारण हवे; उत्कंठा वाढावी म्हणून स्वतःच्या आयुष्यातली महत्त्वाची माहिती शेवटपर्यंत दडवून ठेवणे वाचकाला फसवल्यासारखे लागते.

गोष्टीतली इतर माणसे

आपला अनुभव आपला असतो, पण त्यातली माणसे आपली मालमत्ता नसतात. या लेखनातला सर्वांत कठीण भाग मला हाच वाटतो, आणि इथे नियमांपेक्षा विवेकाचेच काम अधिक आहे. पहिल्या मसुद्यात कुणाचाही विचार करू नये. दुसऱ्या मसुद्यात मात्र लेखातल्या प्रत्येक माणसाचे नाव कागदावर लिहून त्यापुढे तीन गोष्टी मांडाव्यात : ही व्यक्ती वाचकाला ओळखता येईल का, हे वाचून तिचे नोकरीत, घरात किंवा सुरक्षिततेच्या बाबतीत काही नुकसान होईल का, आणि तिच्याबद्दलचा हा तपशील गाळला तर लेखाचे खरेच काही अडेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असे येते. वडिलांच्या नोकरीबद्दलच्या लेखात काकांच्या दारूचा उल्लेख करण्याची काहीच गरज नसते.

नाव बदलणे हा उपाय वाटतो तितका पुरेसा नाही. ‘माझा पहिला नवरा’ किंवा ‘आमच्या कार्यालयातले तेव्हाचे प्रमुख’ म्हटले की नावाची गरजच उरत नाही. मानहानीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण नाव न घेताही व्यक्ती ओळखता येत असेल तर दावा होऊ शकतो, हे जवळपास सगळीकडे खरे आहे. आणि ‘माझे मत’ असे म्हटल्याने आरोपाचे मत होत नाही. गुन्ह्याचा किंवा गैरवर्तनाचा आरोप करणारा मजकूर प्रसिद्ध करण्याआधी वकिलाला दाखवावा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या दुसऱ्या व्यक्तीची ओळख उघड करण्यावर भारतासह अनेक देशांत कायद्याने बंदी आहे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : कुणी आपल्याला लिहिलेले पत्र हा कागद आपला असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडेच असतो, त्यामुळे पत्रे पूर्ण छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत मी अधिक काटेकोर आहे. आपल्या मुलाचे आजारपण, त्याचे शाळेतले अपयश, त्याची मानसिक अडचण हा आपलाही अनुभव असतो, यात शंका नाही. पण ते मूल उद्या मोठे होऊन ते वाचणार असते आणि त्याच्या होकाराला आज अर्थ नसतो. अशा लेखात पालकाचे मन लिहावे आणि मुलाचे तपशील राखून ठेवावेत.

घरच्यांना आधी दाखवावे का? ज्या व्यक्तीशी नाते टिकवायचे आहे आणि जिच्याबद्दल मोठा भाग लिहिला आहे, तिला छापण्यापूर्वी दाखवावे. दाखवताना मात्र काय विचारतो आहोत ते आपल्याला स्पष्ट हवे. ‘यात काही चुकीचे आहे का?’ हा एक प्रश्न आहे, ‘हे छापू का?’ हा दुसरा. दुसरा प्रश्न विचारला तर ‘नको’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. आमच्या उदाहरणातले वडील हयात असतील, तर हा लेख त्यांच्यासाठी तीस वर्षांनी उघडलेले दार आहे आणि ते परक्या वाचकांसमोर उघडण्याआधी त्यांच्यासमोर उघडायला हवे. ज्याने छळ केला त्याला दाखवण्याचे बंधन मात्र कुणावरही नाही, आणि त्यामुळे धोका वाढणार असेल तर मुळीच दाखवू नये.

ज्याच्यावर राग आहे त्या माणसाला एक तरी वाक्य असे द्यावे, की ते वाचून तो कुणाचा तरी मुलगा, मित्र किंवा सहकारी होता हे कळावे. हे क्षमा करण्यासाठी नव्हे. एकाच रंगात रंगवलेल्या माणसावर वाचकाचा विश्वास बसत नाही, आणि मग त्याने केलेल्या अन्यायावरही बसत नाही. स्वतःलाही तोच न्याय लावावा : अख्ख्या लेखात आपण कुठेच चुकत नसू, कुणाला दुखवत नसू, काहीच टाळत नसू, तर कुठेतरी काहीतरी गाळले गेले आहे.

फेरलेखन

मसुदा किमान दोन आठवडे बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा. आवाज जिथे नाटकी होतो तिथे शब्द जास्त झालेले असतात. ‘अतिशय’, ‘प्रचंड’, ‘अक्षरशः’, ‘भयाण’ यांवर आधी काट मारावी. उद्गारचिन्हे जवळपास सगळी काढता येतात. ‘मला जाणवले की’, ‘माझ्या लक्षात आले की’ ही सुरुवात काढूनही वाक्य उभे राहते का ते पाहावे. पहिला परिच्छेद बहुधा लेखकाने स्वतःला तयार करण्यासाठी लिहिलेला असतो. तो काढून लेख दुसऱ्या परिच्छेदापासून वाचून पाहावा. शेवटाकडेही असेच पाहावे. या सगळ्याने मला किती बळ दिले, अशी शिकवण शेवटी जोडण्याचा मोह फार असतो, विशेषतः वाचकाला जड वाटू नये म्हणून. ती शिकवण खरी असेल तर ती आधीच्या प्रसंगांत उतरलेली असते, आणि खरी नसेल तर वाचकाला ते लगेच कळते.

वाचून दाखवण्यासाठी दोन माणसे निवडावीत : एक, जिला हा प्रसंग माहीत नाही, आणि दुसरी, जिला लेखन कळते. त्यांना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. कुठे गोंधळलात, कुठे लक्ष उडाले, कुठे आणखी माहिती हवी होती, हेच विचारावे.

लोकांसमोर ठेवताना

मासिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवताना सोबतच्या पत्रात लेख सत्य घटनेवर आधारलेला आहे, कोणती नावे बदलली आहेत आणि कुणाची संमती घेतली आहे, हे लिहावे. संपादक शीर्षक बदलतात. कठीण विषयावरचे शीर्षक भडक होण्याचा धोका असतो, म्हणून अंतिम शीर्षक आणि सोबतचे चित्र छापण्यापूर्वी दाखवावे, अशी विनंती लेखी करून ठेवावी. टोपणनावाने लिहायचे असेल तर मानधन, पत्रव्यवहार आणि समाजमाध्यमांवरचे उल्लेख यांतून खरे नाव बाहेर येणार नाही ना, हे आधीच बोलून घ्यावे. इंटरनेटवर स्वतः प्रसिद्ध करताना तर एकदा बाहेर गेलेला मजकूर काढून टाकला तरी त्याच्या प्रती राहतात, हे धरूनच निर्णय घ्यावा.

प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या काही दिवसांत तीन प्रकारचे लोक भेटतात : आपली बाजू सांगणारे नातेवाईक, सल्ला देणारे अनोळखी, आणि ‘माझ्याही बाबतीत हेच झाले’ असे सांगत स्वतःची सगळी कहाणी पाठवणारे वाचक. नातेवाइकांशी शक्यतो समोरासमोर बोलावे, लेखी वाद घालू नये. सल्ल्यांना उत्तर देण्याची सक्ती नसते. कहाणी पाठवणाऱ्यांसाठी आधीच चार ओळींचे उत्तर तयार ठेवावे, ज्यात त्यांनी विश्वास दाखवल्याबद्दल आभार असतील आणि आपण समुपदेशक नसल्याने योग्य मदत कुठे मिळू शकेल याचा निर्देश असेल. त्या दिवसांत प्रतिक्रिया आधी जवळच्या कुणीतरी वाचून मगच आपल्याकडे द्याव्यात, अशी व्यवस्था करता आली तर ती जरूर करावी.